हळदीकुंकवाच्या नावाखाली

१५ जानेवारी, गुरुवार

सासूबाई हात धुऊन मागे लागल्यात! आज मेथी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "मंजुषा, स्टेशनाकडं नवं हाटेल निघालंय म्हणं. मला ने." म्हटलं, आत्याबाई, तो बार आहे! जेवण मिळतं, पण बिअर तिथंच बनवतात. "मग काय झालं? बार हाय, वाघ हाय का?"

दिवाळीपासून त्या आमच्याकडेच आहेत. मामंजी तिकडे येलदरीला एकटेच. भांडण कशावरून झालं, दोघंही सांगत नाहीत.

१६ जानेवारी

ह्यांना सांगितलं, उद्या दोघी हळदीकुंकवाला जाणार. "कुणाकडं?" — सविताकडं. "कोण सविता?" मी अडखळले. आत्याबाई आतून ओरडल्या, "तुला न्हाई माहीत!" लय पोचलेली बाई!

१७ जानेवारी, शनिवार

जाऊन आलो!! नऊवारी, नथ, गजरा — वेटर आधी आमच्याकडे बघतच राहिला. काचेमागे तांब्याच्या टाक्या, माणूस उभा मावेल एवढ्या. सगळीकडे धान्य शिजल्याचा वास. वेटर म्हणाला, ही गव्हाची घ्या, सौम्य आहे. "गव्हाची? मंजे खीर का?" — आत्याबाई. एकच छोटा ग्लास मागवला, दोघींत. पहिल्या घोटाला तोंड असं केलं की मला हसू आवरेना. "आंबील नासल्यावर अशीच लागती गं!" तरी अर्ध्याहून जास्त त्यांनीच संपवला.

आणि कोपऱ्यात कोण? शेजारचे लिंबाजी भाऊजी! गल्लीत सगळ्यांना व्यसनमुक्तीवर भाषणं देणारे! मी पदरात तोंड लपवलं. आत्याबाई उठून थेट त्यांच्या टेबलापाशी. "राम राम लिंबाजी! काय प्यायलाव, उसाचा रस?" बिचारे पांढरेफटक. "मावशी, घरी सांगू नका..." "आमी तुमाला पाह्यलं न्हाई, तुमी आमाला न्हाई."

मग मटणाचं ताट आलं. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास ओढला. मला वाटलं, तिखट लागलं. तर म्हणाल्या, "तुझे सासरे दर बाजाराला जिंतूरला हाटेलात जेवून यायचे. मी भाकरी झाकून बसायची. नवी नवरी होते तवा म्हटलं, मला बी न्या. हसले. ह्या दिवाळीत म्हटलं, आता तरी न्या. परत हसले! मग पिशवी भरली."

मी नळी त्यांच्या ताटात वाढली. चोखून खाल्ली — मांडी घालून, खुर्चीवरच.

१८ जानेवारी

सकाळी ह्यांनी विचारलं, "वाण काय मिळालं?" आत्याबाई चहा फुंकत म्हणाल्या, "खायचं वाण होतं. खाल्लं."

१९ जानेवारी

लिंबाजी भाऊजी मला बघून गल्ली बदलतात.

२१ जानेवारी, बुधवार

मामंजींचा फोन — मला! कधीच करत नाहीत. दोनदा खाकरले. "सूनबाई, तिला न्यायला येऊ का म्हणून विचारलं, तर म्हणती, आधी त्या टाक्यावाल्या हाटेलात माझ्यासमोर बसून जेवा, मग गावाकडं यायचं बघते." मग आवाज एकदम बारीक —

"तिथं बायकूला घेऊन कसं बसायचं असतंय गं?"