गळलं तेव्हा की कळलं तेव्हा

अल ऐन,
१८ मे २०२४

चि. अस्मिता हिस,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच भरतेस, म्हणून लिहितोय. तुझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या मोबाइलवर पत्राचा फोटो पाठवतो, तिला मोठा करून दाखवायला सांग.

वर्कशॉप बंद करून जागा मालकाला परत द्यायची, म्हणून जमिनीतली वापरलेल्या ऑइलची टाकी उकरून काढली. तळ पार सडलेला! इतकी वर्षं डिझेल पंप दुरुस्त केले, त्यातलं काळं ऑइल कधीपासून झिरपत होतं देव जाणे. खालची माती काळी झालीय आणि मागच्या नर्सरीतल्या विहिरीच्या पाण्याला वास येतोय. नर्सरी फिरदोसभाईंची. त्यांची लिंबाची रोपं करपत होती आणि मी त्यांना खत बदला म्हणून अक्कल शिकवत होतो. खरं काय ते सांगायला गेलो, तर त्यांनी आधी मलाच बसवून चहा पाजला. मेल्याहून मेल्यासारखं झालं गं.

माती उचलायची, विहीर साफ करायची, तर खर्च एवढा आहे की तुझी वहिनी दिरहमचे रुपये किती होतात ते मोजायलाच तयार नाही. कुणापुढे हात पसरणार नाही. तेव्हा रत्नागिरीचा तुझ्या शेजारचा फ्लॅट विकायचा. किल्ली तुझ्याकडे आहेच, एजंट माणसं आणेल त्यांना दाखव. विम्याचं विचारशील, तर वर्कशॉपची पॉलिसी दहा वर्षांपूर्वीच खलास. विषय संपला.

म्हातारपणी दारात खुर्च्या टाकून भांडायचं ठरलं होतं आपलं, ते राहिलं. तुझी वहिनी शोभना रडत नाही, पण तिच्या पोळ्या जाड व्हायला लागल्यात.

लोभ आहेच, तो आता लांबूनच सांभाळ.
तुझा,
दादा


रत्नागिरी,
२ जून २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं नि डोकंच फिरलं. सत्तरीला टेकलास, तरी स्वतःच निकाल देऊन मोकळं व्हायची तुझी खोड जात नाही. विषय संपला म्हणे! आपली भाची पुण्यात विम्याचे दावेच बघते हे मामाला आठवलं कसं नाही, असं प्रज्ञा विचारतेय. उत्तर तूच दे तिला.

तिचं म्हणणं असं. तुझी ती जबाबदारीची पॉलिसी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारी. तसल्या जुन्या पॉलिसीत नुकसान कधी झालं ते वर्ष बघतात, मुदत केव्हा संपली ते नाही. गळलं तेव्हाची पॉलिसी धरायची, कळलं तेव्हाची नाही. एवढं वाक्य तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं, कारण मला दोन्हीकडे 'गळलं'च ऐकू येत होतं. शिवाय हल्लीच्या पॉलिसीत प्रदूषणाचं नुकसान वगळलेलं असतं, जुन्यांत कधीकधी नसतं. तेव्हा कागद जुनाच हवा.

तो कुठून आणू, म्हणशील. अरे, वहिनी दर लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर त्या वर्षीची पॉलिसीही पाटावर मांडायची ना? पूजेतला कागद कचऱ्यात टाकायचा नाही, आणि अल ऐनच्या वाळूत वाहतं पाणी आणणार कुठून! मग सुट्टीला येताना पिशवीत बांधून माझ्या स्वाधीन, की वन्सं, एवढं समुद्रात सोडा. मी हो हो म्हणायची नि माळ्यावर टाकायची. चांगला कागद समुद्रात कोण बुडवतं? वहिनी चिडली तर चिडू दे. सगळ्या पॉलिसी आहेत, हळदकुंकवासकट. प्रज्ञा रजेवर घरीच आहे, तिने काल उतरवल्या आणि धुळीने शिंकून शिंकून बेजार झाली. फोटो आज पाठवतेय, मूळ कागद कुरिअरने येतील.

फ्लॅटचं मी बघते. तू मध्ये घाई करू नकोस.

वहिनीला नमस्कार, आणि तिचा राग निवळला की मला आशीर्वाद.
तुझी,
अस्मिता


अल ऐन,
१० नोव्हेंबर २०२४

चि. अस्मिता हिस,
अनेक आशीर्वाद. बातमी आधी सांगतो, नाहीतर तू शेवटून वाचायला लागशील. विमा कंपनीने दावा मान्य केला!

पहिल्यांदा त्यांनी उडवूनच लावलं. मग मातीचे नमुने तपासले, तेव्हा गळती पॉलिसी चालू असतानाचीच निघाली. आणि प्रज्ञा म्हणाली तसंच, प्रदूषण वगळणारं कलम आपल्या कागदांत नव्हतं. कंपनीकडून आलेल्या नीरव नावाच्या मुलाने कागदावरचे लाल डाग कसले म्हणून विचारलं, तर शोभनाने त्याला अख्खं लक्ष्मीपूजन समजावून सांगितलं. ती म्हणते, लक्ष्मीनेच कागद सांभाळले. मी म्हणतो, लक्ष्मीने कसले, आळशी नणंदेने! तुझ्यावर आठवडाभर रुसली होती, आता चिवडा पाठवतेय.

मालकाची माती उचलून झाली. फ्लॅट विकायची गरज नाही. पण अस्मिता, विहीर एका उपशात साफ होत नाही. पाणी उपसायचं, गाळायचं, तपासायचं, वर्षभर तरी जाईल. पैसे कंपनी देईल, पण तिथे उभं कोण राहणार? फिरदोसभाई म्हणतात, तुम्ही जा हबीबी, इन्शाल्ला होईल सगळं. त्यांनी असं म्हटल्यावर तर माझा पाय निघेना. पाणी स्वच्छ झाल्याशिवाय मी येणार नाही. व्हिसाची सोय केलीय. तोवर फ्लॅट रिकामा कशाला, कुणी बरं कुटुंब बघून भाड्याने दे.

रागावलीस तरी लोभात काटछाट करू नकोस.
तुझा,
दादा


रत्नागिरी,
२४ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आणखी एक वर्ष! पत्र बाजूला ठेवलं आणि आधी रडून घेतलं. मग चूळ भरून पुन्हा वाचलं. बरोबर आहे तुझं. त्या भल्या माणसाची विहीर तशीच टाकून आला असतास, तर मला तुझ्या तोंडाकडे बघवलं नसतं. राहा. पाणी नितळ कर आणि मगच ये. पण तब्येतीला जप, उन्हात टोपी घाल, आणि वहिनीला सांग, चिवड्यात दाणे कमी पडलेत.

भाड्याचं मात्र बोलू नकोस. तुला कळवलं नव्हतं, पण पावसाळ्यात एजंटने दोन कुटुंबं आणली होती. दोघांनाही फ्लॅट पसंत पडला. एकांनी तर देवघर कुठे ठेवायचं तेही ठरवलं. मी म्हटलं, जागा छान आहे हो, वाराही येतो, पण शेजारीण भयंकर भांडकुदळ आहे, कुणाला टिकू देत नाही. त्यांनी घाबरून विचारलं, कुठली शेजारीण?

मी म्हटलं, मीच.

लोभ आहे तो नीट राखून ठेव. वाढवायचं काम भिंतीपलीकडे आलास की करू.
तुझी शेजारीण,
अस्मिता