चालेल इतकी चूक

प्रिय सारंग,

तुला पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. ज्याच्याकडून उत्तर येणार नाही त्याला प्रश्न विचारण्यात काय अर्थ? पण आज एका फॉर्मवरचा एक रकाना माझ्याकडून रिकामा राहिला. आणि रिकामा रकाना मला किती छळतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

उद्या सकाळी तुझ्या आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत मी असणार. फॉर्मवर माझं नाव, पत्ता, मोबाइल, सगळं लिहिलं. मग आलं, ‘रुग्णाशी नाते’. पेन तिथेच थांबलं.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “मॅडम, त्यातल्या त्यात सोपा प्रश्न आहे तो.”

“उद्या भरून आणते.”

काकू शेजारून म्हणाल्या, “डोळा माहा कापणार हाये, तुले काहून घाम फुटते?”

तुझीच आई शोभतात!

आपली ओळखही एका रकान्यावरूनच झाली, आठवतं? इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल. मी लेव्हलच्या दुर्बिणीतून आकडे वाचत होते, तू समोर स्टाफ, म्हणजे ती आकड्यांची उंच पट्टी, धरून उभा. तोवर आपण चार शब्दही बोललो नव्हतो. ग्रंथालयाच्या पायरीपासून निघायचं, उंची मोजत कॉलेजला फेरी मारायची आणि परत त्याच पायरीवर यायचं. सुरुवातीच्या आणि शेवटच्या उंचीत जो फरक येईल ती आपली चूक. थोडी येतेच.

आपली आली शून्य.

सरांनी वही पाहिली, मग आपल्या दोघांकडे पाहिलं. “शून्य आलं म्हणजे कुणीतरी खोटं लिहिलंय. शनिवारी परत करा.”

वहीतल्या शेवटच्या रकान्यातला आकडा तू खोडून बदलला होतास. बाहेर आल्यावर मी विचारलं, “माझ्या आकड्यांत हात घालायची परवानगी कुणी दिली तुला?”

“अगं, तू इतकी गंभीर होतीस, मला वाटलं चूक निघाली तर रडशील.”

“मी रडत नाही.”

“हो, दिसतंय. तू दुसऱ्यांना रडवतेस.”

शनिवारी पाच तास उन्हात परत फिरलो. चूक आली सात मिलिमीटर. सर म्हणाले, “मर्यादेत आहे. चालेल.” त्या एका ‘चालेल’वर तू असा खूश झालास, जणू पहिला नंबर आला! मी मात्र ते सात मिलिमीटर कुठे गेले असतील, याचा विचार करत साबुदाणावडा खात होते. तू माझ्याकडे बघत होतास. मला कळत होतं. मी तसं दाखवलं नाही.

दाखवायला हवं होतं का रे?

दोघांना नोकऱ्या लागल्यावर, पाच वर्षांनी, तू मला त्याच पायरीवर घेऊन गेलास. म्हणालास, “माझ्यात किती मिलिमीटर चालेल?”

“ते अंतरावर अवलंबून असतं.”

“समज, जन्मभराचं अंतर.”

अंतर वाढलं की चुकीची मर्यादाही वाढते. तुझा अभ्यास तेवढा तरी झाला होता! मी म्हणाले, “विचार करून सांगते,” आणि तीन दिवसांनी फोनवर ‘हो’ म्हणाले. उत्तर मला पायरीवरच माहीत होतं. ते तीन दिवस आता मला परत हवे आहेत.

साखरपुडा तुमच्याकडे, विश्रांतवाडीत. अंगठ्या झाल्या, पेढे झाले आणि काकू म्हणाल्या, “आता काकू नाही म्हणाचं बरं. आई म्हण.”

“लग्न झाल्यावर म्हणेन,” मी म्हणाले. “अजून झालं नाहीये.”

अमरावतीहून आलेल्या तुझ्या मावश्या एकमेकींकडे बघायला लागल्या. तू लगेच म्हणालास, “बरोबर आहे, आई. काम पूर्ण झाल्याशिवाय ती सही करत नाही.” सगळे हसले. काकूही हसल्या, पण जरा उशिरा. तो उशीर मी तेव्हा टिपला नाही.

चार महिन्यांनी तुला ताप आला. अकरा दिवस हॉस्पिटलात. जिथून निघालो तिथे परत यायचं असतं, सारंग. एवढा एक नियम तू पाळला नाहीस.

तेव्हापासून दर रविवारी मी विश्रांतवाडीला जाते. घरी माझी आई विचारते, “कोणत्या नात्याने जातेस तू?” मी बसची वेळ सांगते. काकूंनी मात्र ‘आई म्हण’ हे पुन्हा कधी काढलं नाही. एकदाही नाही.

फॉर्म आत्ता माझ्यासमोर आहे. कच्च्या कागदावर मी ‘परिचित’ लिहून पाहिलं. तंतोतंत बरोबर. चूक शून्य.

आणि शून्य आलं, म्हणजे कुणीतरी खोटं लिहिलंय.

म्हणून तुला शब्द देते. उद्या त्या रकान्यात मी ‘सून’ लिहीन. पेनने, खाडाखोड न करता. आणि ऑपरेशननंतर पट्टीखालून काकूंनी “कोण हाये?” असं विचारलं, की नाव सांगायच्या आधी मी त्यांना ‘आई’ म्हणेन.

लग्न झालेलं नाही, मला माहीत आहे. पण अंतर बघता एवढी चूक चालेल ना?

तुझी,
केतकी