दत्तापुढची कॉफी

९ जानेवारी, गुरुवार
आज पहाटे साडेपाचला अंघोळ करून लोखंडी कढईत कॉफीच्या हिरव्या बिया भाजल्या. गावी आईला शेंगदाणे भाजताना बघत वाढलो, त्यामुळे तडतडीवरून कळतं. बिया तडतडल्या. मग काळ्या झाल्या. मग धूर. शेजारच्या बद्रीनाथ सरांनी दार वाजवून विचारलं, संपतराव, काय जळतंय? म्हटलं, जळत नाही, भाजतंय.
नियम ठरवला: देवाला दाखवल्याशिवाय जीभ लावायची नाही. दर गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दत्ताची आरती असते. तिथेच नैवेद्य दाखवला, मग प्रसाद म्हणून सगळ्यांना दिली. अकरा कप. अकराही रिकामे.

१० जानेवारी
घरी हेमाला विचारलं, कशी झाली होती? म्हणाली, अहो, प्रसादाला कोणी कसा झालाय विचारतं का?
म्हणजे आवडली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ब्लेंड क्रमांक चार. सहा भाग अरेबिका, तीन रोबस्टा, एक चिकोरी. बिया थोड्या जास्त भाजल्या गेल्या. मुद्दामच, असं म्हणायला हरकत नाही.
दुसऱ्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंनी डोळे मिटले, एका दमात कप संपवला आणि हात कपाळाला लावला. इतकी तंद्री कीर्तनातही पाहिलेली नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सरांची सून उत्कर्षा म्हणाली, काका, कप नको, तीर्थासारखी तळहातावर द्या ना थोडीशी. तिचं बघून सगळ्यांनीच हात पुढे केले. दीड महिन्यात कॉफी तीर्थाच्या पदाला पोचली.
उद्या तांब्याची पळी घेणे.

६ मार्च, गुरुवार
सर म्हणाले, संपतराव, असा प्रसाद अख्ख्या पुण्यात मिळायचा नाही. सर चाळीस वर्षं शाळेत शिकवत होते, उगाच कुणाला मार्क देत नाहीत.
ठरलं. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानात काउंटरमागे बावीस वर्षं उभा आहे. पुरे. कॉफीच्या दुकानासाठी आळंदी रोडला गाळा बघितला. राजीनामा लिहिला, सही केली, घरी दत्ताच्या फोटोमागे ठेवला. पाडव्याला मालकांच्या घरी पेढे घेऊन जायचं आणि द्यायचा.

१५ मार्च
हेमाने आज पडदे धुतले. जानेवारीपासून चौथ्यांदा. एक शब्द बोलली नाही. घरच्यांचा पाठिंबा असावा तर असा.
राजीनाम्याचं तिला पाडव्यालाच सांगेन.

२७ मार्च, गुरुवार
घात झाला.
संध्याकाळी वीज गेली. मिक्सर बंद, दळायला उशीर. थर्मास घेऊन खाली गेलो तर आरती संपलेली, सरांनी शिऱ्याचा नैवेद्य दाखवून टाकलेला. खोटं बोलणं जमत नाही. म्हणालो, आज हा प्रसाद नाही, नुसती कॉफी आहे. अगदी निवांत, कप भरून घ्या.
मुक्ताबाईंनी विचारलं, नक्की प्रसाद नाही ना? म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं, देवाची शपथ? म्हटलं, शपथ.
त्यांनी कप खाली ठेवला. मग उत्कर्षाने. मग सरांनी.
अकरा कप घरी आणले. अकराही भरलेले. हेमाचा त्यातच.

२८ मार्च
सरांना जिन्यात गाठलं. म्हणाले, अहो, प्रसादाला नावं ठेवायची आमची काय बिशाद? म्हटलं, मग पुण्यात मिळायचा नाही म्हणालात ते? म्हणाले, मिळतो का? सांगा की कुठे मिळतो.
हेमा म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण तुम्ही आधी नैवेद्य दाखवून बसलात. मी मागून गुळाचा खडा खायची, बाकीच्यांनाही द्यायची.
अकरा माणसं. अकरा आठवडे. सगळ्यांना ठाऊक होतं.
आजवर मीही प्रसाद म्हणूनच घोटभर घ्यायचो. आज नैवेद्य न दाखवता प्रथमच एक कप स्वतःसाठी केला. दोन घोट घेतले. उरलेला कप विचार करण्यासाठी ठेवला.

३० मार्च, गुढीपाडवा
राजीनामा खिशात घेऊन खाली उतरलो. रागात होतो. देणारच होतो. चूक माणसांची आहे, कॉफीची नाही.
पार्किंगमध्ये गुढी उभारलेली. हेमा सगळ्यांना कडुलिंबाचा प्रसाद वाटत होती. मुक्ताबाईंनी डोळे मिटले, एका दमात गिळला आणि हात कपाळाला लावला.
तो चेहरा मी ओळखला.
वर आलो. राजीनामा फाडला. कढई राखेने घासून हेमाच्या ओट्यावर परत ठेवली. मग दत्तापुढे बसलो. बाकीच्यांना निदान नंतर गूळ तरी मिळत होता.
देवाला दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला. साखर जरा जास्तच घातली.