काजवालीचे हात

८ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचले. गाडीत शेजारची बाई शेवटपर्यंत घोरत होती, त्यामुळे तुमचं घर सोडून आल्यासारखं वाटलंच नाही. दादाला हे मोठ्याने वाचून दाखव.

आता मुद्द्यावर येते. परवा तू बेतायला कापड पसरलंस आणि माझ्याशी बोलता बोलता खडूने कडेला मला काढलंस. चष्मा, नाक, बोलण्यासाठी उघडलेलं तोंड. मी वाकून बघेपर्यंत तळहाताने पुसून मोकळी झालीस. वहिनी, शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढून माझं पोट चालतं, तेव्हा एवढं मला कळतं. ते नाक माझंच होतं.

नणंदेने जाच करायचा असतो म्हणतात. इतकी वर्षं तो हक्क मी वापरला नाही, आता वापरते. रोज एक चित्र काढायचं. सुंदर नको, पण रोज. कपबशी काढ, दादाची चप्पल काढ. आणि काढलेलं कुणाला तरी दाखवायचं, पुसायचं नाही. दाखवल्याशिवाय हात पुढे सरकत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकले आहे.

लोभ आहेच, त्यात थोडा धाकही असू दे.

तुझी,
चिमणी


२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा जाच मुकाट्याने सोसते आहे. आमच्या कारखान्याच्या शिवणखात्यात बेतासाठीचा तपकिरी कागद असतो, त्याच्या कापून उरलेल्या पट्ट्या घरी आणते. पहिल्यांदा किटली काढली. तुझ्या दादांनी बराच वेळ बघून विचारलं की हे बदक बसलंय की पोहतंय. मी दोन दिवस त्यांना त्या किटलीतला चहा दिला नाही. पण चित्रं थांबवली नाहीत.

मग धीर करून जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या बायकांना दाखवायला लागले. एकदा खात्याच्या साहेबांना काढलं, ते चित्र हातोहात फिरलं आणि फिरत फिरत साहेबांपर्यंत गेलं. त्यांनी चित्रातलं पोट बघितलं, स्वतःचं बघितलं आणि म्हणाले की उजेड चुकीच्या बाजूने पडलाय.

इथपर्यंत मजेत चाललं होतं. पण गेल्या आठवड्यात मी काजवालीला काढलं. माझ्या शेजारच्या मशीनवर बसून बटणांची काजं करते, ती. मी नोकरीला लागले तेव्हा सुईत दोरा ओवून देण्यापासून तिनेच सांभाळलं मला. तिला बाजूने काढलं, मशीनवर वाकलेली. बायकांनी बघताक्षणी ओळखलं आणि पाठीचा बाक बघून हसल्या. ती हसली नाही. कागद पालथा ठेवला, डबा उचलला आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसली. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मध्ये माझी कात्री तिच्याकडे गेली होती, तीसुद्धा दुसरीच्या हातून परत आली.

एका चित्रापायी मी माझी शेजारीण घालवली, चिमणे. तेव्हा हे आता पुरे. रागावू नकोस.

जीव लाव, पण चित्रांचं नाव काढू नकोस.

तुझी,
वहिनी


१० फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावले नाही. पण पुरेही म्हणणार नाही.

तू तिची माफी मागायला जाशील, मला माहीत आहे. तशी जाऊ नकोस. चित्र घेऊन जा आणि काय खटकलं ते विचार. बाक दाखवला म्हणून ती चिडली असं तू गृहीत धरलंस. तिच्या तोंडून ऐकलंस का? दाखवणं म्हणजे नुसतं कौतुक गोळा करणं नव्हे गं. समोरचा जे सांगेल ते ऐकून पुन्हा कागदावर वाकायचं, तेव्हा ते पुरं होतं.

आणि ती दोन कडू शब्द बोललीच, तर तेही मला कळव. तुझ्या वाट्याचे अर्धे मी गिळीन.

तुझी माया राहू दे,
चिमणी


६ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

गेले. कागद तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं.

ती म्हणाली की पाठ वाकलीय ते तिला ठाऊक आहे, आरसा तिच्याही घरी आहे. तिला लागलं ते वेगळंच. म्हणाली की बाक तेवढा काढलास, आणि ज्या हातांच्या कामासाठी मी वाकले ते हातच काढले नाहीस.

मी कागद बघितला. खरंच, हात कापडाखाली होते. चिमणे, मला हात काढता येत नाहीत म्हणून मी कापड वर ओढलं होतं. तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, मग शिक, मी बसते.

तेव्हापासून रोज जेवण झालं की ती हात पुढे करून बसते. सुरुवातीला माझ्या कागदावर वाळत घातलेले मोजे दिसायचे. शिक्षिका कडक आहे. हा अंगठा माझा नाही, सुईच्या बोटाला घट्टा आहे तो कुठे गेला, असं चालतं. परवा तिला पुन्हा काढलं, हातांसकट. तिने कागद उचलला आणि स्वतः उठून टेबलाटेबलावर दाखवत फिरली. या खेपेला कुणी हसलं नाही. साहेबांनी हात पुसून कागद हातात घेतला.

गावातल्या वाचनालयाची एक भिंत आहे. तिथे कुणीही चित्र लावावं, असं म्हणतात. माझी हिंमत नव्हती. काजवालीने माझ्या हातून चित्राची गुंडाळी काढून घेतली आणि देऊन आली.

छान वाटतंय. माया तर करतेसच, आता धीरही दे.

तुझी,
वहिनी


२० एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

शांत बसून लिहावं म्हटलं, पण दम निघत नाही.

रविवारी आम्ही सगळ्या वाचनालयात गेलो. भिंतीवर पुष्कळ चित्रं होती, फुलं, डोंगर, मांजरं. मधोमध तपकिरी कागदावर काजवाली वाकून बसलेली, आणि पुढे उजेडात तिचे दोन्ही हात. लोक तिथेच थांबत होते. एक म्हातारे गृहस्थ खुर्ची ओढून समोर बसले ते उठेनात.

तुझे दादा लग्नकार्यातसुद्धा कोपरा धरून बसणारे. पण रविवारी येईल त्याला सांगत होते की हे माझ्या बायकोने काढलंय, आणि हाताला धरून माणसं माझ्याकडे आणत होते. आधी मी खांबाआड लपले. मग वाटलं, का म्हणून? बाहेर आले आणि तिथेच उभी राहिले.

ग्रंथपालबाईंनी विचारलं की दर रविवारी दुपारी ज्यांना चित्र काढायचंय त्यांच्यासोबत मी बसेन का. मी कुणालाही न विचारता हो म्हटलं. आमच्या खात्यातल्या निम्म्या येणार आहेत. साहेबही येतो म्हणालेत. उजेडाचं काहीतरी दाखवायचंय म्हणे.

निघताना चित्रकलेच्या कॉलेजातली एक मुलगी आली. हात काढणं सगळ्यात अवघड, तुम्हाला कुणी शिकवलं, असं तिने विचारलं. मी उत्तर देण्याआधीच काजवाली पुढे झाली, आणि तिने आपले दोन्ही हात त्या मुलीपुढे धरले.

अशीच जाच करत राहा.

तुझी,
वहिनी