पोरांची गोधडी आणि माझी मिळकत

मी, सारा यशया उमाप, वय ७३, निवृत्त कार्यानुभव शिक्षिका, राहणार शेवगाव, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीबद्दल कोणाला शंका असेल तर त्याने पुढचे वाचावे. याआधीच्या मृत्युपत्रात मी सगळे मुलाला देऊन बसले होते. ते रद्द समजावे.

१. राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. माझे दिवंगत पती यशया यांची त्यात एक वीटही नाही. त्यांनी फक्त दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. ती काढून त्यांच्या भावाला द्यावी, त्याला फार आवडायची.

२. तळमजल्याचा हॉल, दोन्ही शिलाई मशीन, मातीकामाचे चाक, ठसे, रंग आणि कात्र्या मी निकिता भीमा कातोरे हिला देते. निवृत्तीनंतर या हॉलमध्ये मी दर शनिवारी आठवी ते दहावीच्या मुलांचा हस्तकला वर्ग चालवला. पालक यायचे आणि विचारायचे, "बाई, याचे मार्क मिळतात का?" अशांची मुले मी मुद्दाम मातीत बसवायची, घरी गेल्यावर आईची गादी खराब होईल इतकी. हा वर्ग बंद पडता कामा नये. निकिता याच वर्गात शिकली आणि आता तीच तो चालवते.

३. मुलगा सॅम याला हॉल का नाही, ते लिहिते. सहा वर्षांपूर्वी माझ्या खुब्याचे ऑपरेशन नगरला झाले. तेव्हा वर्गातली मुले वर्षभर एक गोधडी शिवत होती. अट अशी, की प्रत्येकाने घरातल्या गेलेल्या माणसाचा कपडा आणायचा. कोणी आजोबांचे धोतर आणले, कोणी चुलत्याचा शर्ट. निकिता तेव्हा नववीत होती. तिने आईची साडी आणली. मी दवाखान्यात असताना सून एंजेलाने घर आवरले आणि ती गोधडी दारावर आलेल्या बोहारणीला देऊन स्टीलचे पातेले घेतले. मी घरी आले तेव्हा निकिता पायरीवर उभी होती. "बाई, माझ्या आईची साडी हुती त्यात. दुसरी न्हाई आमच्याकडं." सॅम आतून दारात येऊन म्हणाला, "चिंध्याच तर हुत्या, आई. लई मनावर घेती ही पोरगी." आणि हसला. पोरीच्या तोंडावर हसला. मी त्याला जन्म दिला याची मला त्या दिवसाइतकी लाज कधी वाटली नाही. बोहारणीला मी नेवाशापर्यंत शोधले. ती सापडली नाही.

४. ते पातेले मी एंजेलाला देते. बाकी काही नाही. दागिने चर्चच्या महिला मंडळाने विकून वर्गासाठी कापड घ्यावे.

५. वरचा मजला सॅमला मिळेल, पण एका अटीवर. माझ्या दफनानंतर त्याने वर्षभर दर शनिवारी हॉलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत, खाली सतरंजीवर बसावे आणि माझ्या साड्यांची एक गोधडी स्वतःच्या हाताने शिवावी. मुले हसतील. हसू द्यावे, त्या वयाची मुले फार छान हसतात. टाका वाकडा गेला तर वर्गाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांसमोर उसवावा. गोधडी पास की नापास हे एकटी निकिता ठरवेल. नापास झाल्यास वरचा मजलाही तिचाच. सॅमने कोर्टात जाऊ नये, तिथेही त्याला सुई ओवता येते का हेच विचारतील.

हे कलम मी निकिताला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आन् चांगली शिवली तर, बाई?" मी म्हणाले, "तरी उसवायला लाव. सारखी सारखी लाव." ती कात्री पुसत होती, तिने वर पाहिलेही नाही. "चांगलं काम मी न्हाई उसवू देनार. तुमच्या मुलाचं असलं तरी."

तिच्या या उद्धट उत्तरानंतरही मी परीक्षक बदललेला नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

सही: सारा यशया उमाप

साक्षीदार:
१. गोरक्ष लांडे, शेजारी (सही)
२. अमृत पाटोळे, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

ठिकाण: शेवगाव
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५