फळीपलीकडचं एकमत

ता. ४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. माझा दिवटा चिरंजीव आणि तुझा क्रांतिकारक लेक पुन्हा बोलू लागलेत. परवा दोघं माझ्या बुटांच्या कारखान्यात, मालाच्या खोलीत बसून मोर्चाच्या मागण्या लिहीत होते. चौकात परदेशी कंपनी बुटांचं भलंमोठं दुकान थाटतेय, ते नको म्हणून. मी लाकडी फळीच्या अलीकडे कातडं निवडत होतो, कान तेवढे पलीकडे. पलीकडून ऐकू येत होतं, परकी कंपनी आपल्या माणसांच्या पोटावर पाय देते, सरकार तिच्या खिशात, आपला बाजार आपल्या हातात हवा. ताई, कोण बोलतंय ते बापाला कळेना! एक देशाचं नाव घेतो, दुसरा कामगारांचं. बाकी सगळं तेच. मलाही पटत होतं. ते दुकान आलं तर पहिला मीच बुडणार.

मग माझ्या कार्ट्याने मागणी घातली की सीमेपलीकडून आलेल्यांना इथे काम नको, आणि सुरुवात घरापासून, म्हणजे कातडं कापणाऱ्या आमच्या कटिंग मास्तरपासून, तोही तिकडूनच आलेला ना. तुझा म्हणाला, घाल हवं तर, आत्ता एकजूट मोडायला नको. जगातले कामगार एक म्हणून माझं जेवण नासवणारा हाच ना?

तुझा, संतापलेला भाऊ


ता. ९ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.

तुझे कान लहानपणापासून असेच. अरे, ही पोरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती, आता एकत्र जेवतात. त्यात माती कालवू नकोस. मास्तर भला आहे, त्याला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. मी मुलाला विचारलं. मोठ्या लढाईत लहान गोष्टी मागे ठेवाव्या लागतात म्हणाला. तूही मोठ्या मनाने घे. तब्येतीला जप.

तुझी ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ती लहान गोष्ट काल एप्रनची घडी करून माझ्यासमोर उभी राहिली. मास्तरने भिंतीवरची मागण्यांची पत्रकं वाचली होती. मुलीचं नाव शाळेतून काढू का, एवढंच त्याने विचारलं. माझं डोकंच तडकलं. मी हमाल होतो तेव्हा ज्याने मला शेजारी बसवून बुटांचं कातडं कापायला शिकवलं, तो परका?

तडक वकिलाकडे गेलो. संध्याकाळी दोघा वीरांना बोलावून सांगितलं की मागणी मान्य, मास्तर आजपासून माझ्याकडे कामाला नाही. दोघांचे चेहरे फुलले. मग सांगितलं, तो आता निम्मा मालक आहे. माझ्या चिरंजीवाचा अर्धा वारसा जागेवरच गेला. तुझ्याला म्हटलं, बाबा रे, आता मालक म्हणून तरी त्याच्याविरुद्ध मोकळेपणी बोल!

मोर्चा उद्या आहे. मीही जाणार, ते दुकान मलाही नकोच आहे. मास्तर माझ्या शेजारून चालेल. आमच्याबरोबर चालायचं की नाही, ते त्या दोघांनी ठरवायचंय.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा भाऊ