शिंपल्याची साक्ष

कुंडल,
गुरुवार

प्रिय धैर्यशील,

हे पत्र शेजारच्या लालासाहेबांच्या हाती देत आहे. नातवाच्या शाळेच्या कामासाठी ते उद्याच्या पॅसेंजरने साताऱ्याला निघाले आहेत. वाटेत कोरेगावला उतरून ते तुझ्याच हातात देतील, दुकानात कोणापाशी ठेवणार नाहीत, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे. फोन असताना पत्र कशाला, असे तुला वाटेल. मी फोन उचलला की तुझी आई शेजारी येऊन उभी राहते आणि "स्पीकरवर टाका की, मला बी आयकू द्या" म्हणते. शिवाय मी दोन वाक्ये बोललो की तू "अण्णा, मुद्द्याचं बोला" म्हणतोस. पत्राला मध्येच थांबवता येत नाही. तरी मुद्दा आधीच सांगून ठेवतो. रविवारी तुझ्या महिला मेळाव्यात तुझी आई स्टेजवर फुगडी घालणार आहे. तिने ती घालता कामा नये. कारणे क्रमाने सांगतो. क्रम सोडून बोलणे मला कधी साधले नाही.

प्रथम शिंपल्यांविषयी. मोत्यांसाठी तू शेततळ्यात शिंपले सोडलेस तेव्हा माझा विरोध होता, त्याची उजळणी इथे करत नाही. त्या उन्हाळ्यात तळ्याचे पाणी तापले आणि एकजात सगळे शिंपले मेले. वास थेट रस्त्यापर्यंत यायचा. तू बांधावर बसून असायचास. हाक मारली तरी मान वर करत नव्हतास, ताट झाकून ठेवले तर तसेच परत यायचे. तेव्हा तुझ्या आईने नाकाला पदर बांधून तळ्यातून शिंपले उपसले, घासून धुतले आणि अंगणात वाळत घातले. उन्हात त्यांची आतली बाजू चमकायला लागली. त्यातला एक हातात घेऊन ती तुला म्हणाली होती, "मोती न्हाई तर न्हाई, मोत्याचं घर तर ऱ्हायलंय. ह्याचं कायतरी व्हईल गड्या, ऊठ." कल्पना तिची, उद्योग तुझा. मग तू वैद्यांना भेटलास, वरचा तपकिरी थर खरवडून आतला चकाकता थर दळायला शिकलास, पूड वस्त्रगाळ करायला लागलास. पहिली पूड तिनेच दुधातून घेतली. ओठांवर पांढरी मिशी घेऊन ती "आता माझी हाडं मोत्याची" म्हणाली आणि तू हसलास. किती महिन्यांनी हसलास ते तुला ठाऊक नसेल. आम्हा दोघांना ठाऊक आहे. पुढचे सगळे त्या हसण्यापासून सुरू झाले, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

आता तिच्या हाडांविषयी. तू पाचवीत होतास तेव्हा तिच्या गर्भपिशवीचे ऑपरेशन झाले. वय अवघे छत्तीस. आपल्या भागात त्या काळी पोटात दुखते म्हटले की पिशवी काढून टाकत आणि बायकाही एकदाची कटकट गेली म्हणून सुटकेचा निःश्वास टाकत. त्याचा हाडांशी संबंध असतो हे कोणी सांगितले नाही आणि आम्हालाही विचारायचे सुचले नाही. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की हाडे आतून विरळ होत चालली आहेत. त्यांनी आठवड्याची एक गोळी दिली. रविवारी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही. त्यासाठी मी तुळशीजवळ एक स्टूल ठेवले. ती त्यावर ताठ बसायची आणि समोरच्या शालूबाई कुंपणावरून ओरडायच्या, "क्रांते, आज बी वर्गाभाईर बसिवलं का मास्तरानं?" तुझी आई घड्याळाकडे बोट दाखवून म्हणायची, "सुटी व्हायला येळ हाय अजून."

तुझी पूड ती घेऊ लागली तेव्हा मी डब्यासह मिरजेला गेलो होतो, हे तुला सांगितले नव्हते. डॉक्टरांनी लेबल वाचले आणि पूड प्रयोगशाळेतून तपासून घेतली आहे ना, एवढे विचारले. तू घेतली होतीस. ते म्हणाले, शिंपल्यात कॅल्शियम असते हे खरेच आहे. कॅल्शियमच्या गोळीऐवजी त्यांना ही पूड घेऊ द्या, माझी हरकत नाही. पण ही आठवड्याची गोळी सोडू नका. मी फरक विचारला. ते म्हणाले, घर बांधायचे तर विटा लागतात, त्या पुडीतून मिळतील. परंतु त्यांच्या शरीरात भिंत बांधणारे गवंडी थोडे आणि पाडणारे फार झाले आहेत. नुसत्या विटांचा ढीग ओतून काय होणार? ही गोळी पाडणाऱ्यांना आवरते. म्हणून न्यायाने सांगायचे तर तुझ्या डब्यावरचे, हाडांना बळ देते हे विधान असत्य नाही. ते अपुरे आहे. हा फरक तेव्हाच तुझ्यापाशी बोललो नाही, कारण घरात दोन्ही घेतले जात आहे, अशी माझी खात्री होती.

दिवाळीत मला पहिली शंका आली. हे घर बांधले तेव्हा देव्हारा मी तिच्या उंचीने भिंतीवर बसवला होता. तिचा हात सहज समईपर्यंत जावा, टाचा न उंचावता वात सारता यावी, असे मोजून. लक्ष्मीपूजनाला ती टाचा उंचावून वात सारताना दिसली. विचारले तर म्हणाली, "देव्हाराच वर सरकलाय, भित्ताड नवं हाय न्हवं." भिंत एकोणीस वर्षांची आहे. त्यानंतर माझे लक्ष राहिले. तिच्या निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या होत्या. गेल्या महिन्यात वासराला पाणी दाखवायला तिने बादली उचलली आणि तिथेच गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "गॅस धरलाय" म्हणाली. मग ती अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, बाजेची कड धरून, ओठ मिटून उठू लागली. गॅस असा धरत नाही. डोळे तपासायला सोबत चल, असे खोटे सांगून मी तिला मिरजेला नेले.

एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका चेपलेला निघाला. त्याच्या वरचा एक आधीच, केव्हातरी न कळत, थोडा बसला होता. डॉक्टरांनी गोळ्या नियमित आहेत का विचारले. ती भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत राहिली. मीच ठामपणे उत्तर दिले की दर रविवारी माझ्या डोळ्यांदेखत घेते, एकही चुकलेली नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "आवं, न्हाई."

बाकीचे तिने मिरजेच्या स्टँडवर, गाडीची वाट पाहताना सांगितले. दीड वर्षापूर्वी बचत गटाच्या बैठकीत ती तुझ्या पुडीचे गुण सांगत होती. कंबर दुखायची थांबली, जिना चढता येतो वगैरे. शालूबाई मध्येच म्हणाल्या, "तू डाक्टरची गोळी बी खातीस आन पोराची पावडर बी. मग गुन कुनाचा म्हनायचा? बैल येकाचा आन शर्यत दुसऱ्याची!" बायका हसल्या. शालूबाईंच्या मनात काही नव्हते, थट्टाच होती. पण ती तुझ्या आईला लागली. घरी येईपर्यंत तिने ठरवून टाकले. गोळी घेऊन पुडीचे नाव घेणे तिला लबाडी वाटली; म्हणून आपले बोलणे खरे व्हावे यासाठी तिने गोळीच सोडली. आणि मला कळू नये म्हणून दर रविवारी पेलाभर नुसते पाणी पिऊन त्या स्टुलावर अर्धा तास ताठ बसत राहिली. मी रागावलो, चारचौघांत आवाज चढवला. ती एवढेच म्हणाली, "तुमीच म्हन्ता न्हवं, खोटी नोंद करायची न्हाई? मग मी खोटं कसं बोलू?" आमच्या लेखा विभागात मी हे वाक्य तीस वर्षे बोलत होतो. त्याचा असा अर्थ लावणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.  गाडी लागली होती.

आता रविवारविषयी. डॉक्टरांनी पाठीला पट्टा दिला आहे. वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही, अंगाला पीळ द्यायचा नाही. मी त्यांना फुगडीचे स्पष्ट विचारले. ते म्हणाले, मणका आणखी चेपला आणि त्याचा तुकडा मागे मज्जारज्जूवर सरकला तर पाय जातील. जातीलच असे नाही, पण मी माझ्या आईला फुगडीला उभेसुद्धा राहू देणार नाही. तुझी आई हे सारे ऐकत होती. त्यांनी नवीन इंजेक्शने लिहून दिली आहेत. ती फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्यामागे न उघडता पडली आहेत, कारण "मेळावा होऊ दे, मग टोचा किती टोचायचं ते." तू पाठवलेले पुडीच्या मेळाव्याचे पोस्टर तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहे. त्यावर तिचा फोटो आणि खाली 'वय चौपन्न, फुगडी चोविशीची!' काल दुपारी गोठ्यामागे मी तिला पाहिले. साडीखाली पट्टा आवळून, शालूबाईंचे हात धरून ती गिरकीचा सराव करत होती. अर्ध्या वेढ्यात थांबली, खांबाला टेकली आणि शालूबाईंना म्हणाली, "चप्पल सरकली बग." शालूबाईंना अजून काही माहीत नाही.

तिला मी अडवू शकतो. दाराला कडी घालू शकतो. मेळाव्यात आजारी आहे म्हणून निरोप देऊ शकतो. हे सगळे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, "मी न्हाई गेले की बायका म्हनतील, हिचीच हाडं मोडली, कशाची पावडर! आन त्यो परत बांधावर जाऊन बसंल. मला त्ये न्हाई बघवायचं." मी म्हणालो, तो तेवढा कच्चा राहिलेला नाही. ती म्हणाली, "तुमाला काय ठावं? तुमी तवा कामावर जात हुता." ते खरे आहे. मी तेव्हा कामावर जात होतो. बांधावर तुझ्याजवळ जाऊन ती बसायची. तेव्हा धैर्यशील, तिच्या दृष्टीने ही फुगडी तुझ्या मालासाठी नाही. तू पुन्हा गप्प होऊ नयेस यासाठी आहे. माझे गणित इथे संपते.

आता हे पत्र का लिहिले ते. मिरजेच्या त्याच स्टँडवर तिने मला तुझी शपथ घातली होती की धैर्याला यातले काही कळवायचे नाही. ती शपथ मी मोडली आहे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तरी पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी तुला फोन करून "गाडी हळू चालव" एवढेच म्हणालो आणि तू "अण्णा, आज काय विशेष?" म्हणून हसलास, ते यामुळे. मी अडवले तर ती फक्त थांबेल. तू सांगितलेस तरच ती सुटेल. तुझ्यासाठी तिने जी साक्ष द्यायचे ठरवले आहे, ती नको म्हणण्याचा अधिकार तुझा एकट्याचा आहे. मेळावा होऊ दे, पूड विक, पण शनिवारी घरी ये आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की तुला तिची हाडे विकायची नाहीत. सांगताना हस. तिला तुझा चेहरा पाहायचा असेल, शब्द नंतर. येताना ड्रिल मशीन घेऊन ये. गेलेली उंची परत येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. देव्हारा दोन इंच खाली घ्यायचा आहे. खुणा मी पेन्सिलने करून ठेवल्या आहेत. भोके तू पाड. तिचा हात समईपर्यंत पोचतो की नाही, ते तिला समोर उभी करून तूच पाहा.

तुझाच,
अण्णा